व्रत आणि विद्या

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. वसई तालुक्यांतील एक गृहस्थ एका सायंकाळीं माझ्या घरीं आले. त्यांच्या मुलीला मीं चार वर्षें शिकविलें होतें. कुटुंब ख्रिस्ती, मराठी बोलणारें, केळीच्या बागेवर व भाजीपाल्यावर गुजराण करणारें. मुलगी मोठी हुशार. शाळा संपल्यावर तिनें परिचारिकेची परीक्षा उत्तम रीतीनें पार पाडली होती, आणि आतां 'मला धर्मभगिनी व्हायचें आहे' असें तिनें घरीं सांगितलें होतें. ते गृहस्थ बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत बसले, मग म्हणाले, "गुरुजी, तुम्हीं शिकवलंत, आम्ही पोटाला चिमटा घेऊन फी भरली. हें सगळं काय जपमाळ ओढण्यासाठीं?"

त्या प्रश्नाला त्या दिवशीं माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी त्यांच्या धर्माचा नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारें आयुष्य खडू व फळा यांच्या संगतींत गेलेलें. परंतु विद्यार्थिनीच्या बापानें विचारलेला प्रश्न तसाच सोडून देणें शिक्षकाच्या मनाला रुचत नाहीं. म्हणून मीं त्या विषयावर मिळेल तें वाचलें, जाणत्यांना विचारलें. आणि त्या खटपटींत एका बाईंचें चरित्र हातीं आलें. विद्या आणि व्रत यांचा झगडा काय असतो आणि तो कसा सुटतो, हें त्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें तें मला अन्यत्र दिसलें नाहीं. तें आज आपणांपुढें ठेवावें असा माझा मानस आहे.

प्रथम धर्मभगिनी म्हणजे कोण हें पाहूं. आपण रुग्णालयांतील प्रत्येक परिचारिकेला 'सिस्टर' म्हणून हांक मारतों. परंतु ती हांक मुळांत या व्रतस्थ स्त्रियांची आहे. कॅथॉलिक पंथांत अशा स्त्रियांचे ढोबळ मानानें दोन प्रकार आहेत. कांहीं मठाच्या भिंतींआड राहून जन्मभर प्रार्थना करतात. कांहीं समाजांत वावरून शाळा, दवाखाने, अनाथालयें चालवितात. दुसऱ्या प्रकारच्या संस्था गेल्या तीन-चार शतकांत वाढल्या, आणि १९०० सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांना धर्मसंस्थेच्या कायद्यांत रीतसर स्थान दिलें. आपल्याकडे ज्या 'सिस्टर' दिसतात त्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या.

हा मार्ग एका रात्रींत पत्करतां येत नाहीं. आधीं कांहीं काळ उमेदवारी करावी लागते. त्यानंतर नवदीक्षितेचा काळ येतो; तो निदान एक पूर्ण वर्षाचा असतो. त्या काळांत मुलीनें संस्थेला पाहावयाचें आणि संस्थेनें मुलीला. पुढें ठराविक मुदतीचीं व्रतें घ्यावयाचीं, आणि कांहीं वर्षांनीं आजन्म व्रतें. मुदत संपल्यावर परत फिरण्याची मोकळीक असते. आणि कोणी बळजबरीनें व्रत घ्यावयास लावलें तर तें व्रत धर्मसंस्थेच्या दृष्टीनेंच निरर्थक ठरतें. या मार्गाकडे ओढ वाटणें याला वसईकडचे ख्रिस्ती लोक 'पाचारण' म्हणतात. देवानें हांक मारली असा त्याचा अर्थ. पण ती हांक खरी कीं मनाची लहर, याची पारख वर्षानुवर्षें होत राहते.

व्रतें तीन : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. दारिद्र्य म्हणजे आपली मिळकत आपली न मानतां संस्थेच्या हवालीं करणें. ब्रह्मचर्याचा अर्थ आपण जाणतोंच. या दोहोंपेक्षां तिसरें व्रत पाळावयास कठीण, असें मला जाणत्यांनीं सांगितलें. कोठें राहावयाचें, कोणतें काम करावयाचें, हें सारें वरिष्ठांच्या आज्ञेवर सोंपवावयाचें. शिकलेल्या माणसाला, विशेषतः ज्याच्या हातांत एखादी विद्या आहे त्याला, तें किती जड जात असेल याची कल्पना करावी. ज्या बाईंचें चरित्र मी सांगणार आहें त्यांच्यापुढें हाच पेंच होता.

हा पेंच काय होता तें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. आपल्या देशांतील स्त्रिया, विशेषतः पडद्यांतल्या, पुरुष डॉक्टरकडून स्वतःला तपासून घेत नसत. बाळंतपण सुइणीच्या हातीं, आणि तें अडलें तर दैवाच्या हातीं, अशी स्थिति होती. हें दुःख ओळखूनच आपल्या आनंदीबाई जोशी सातासमुद्रांपलीकडे गेल्या आणि १८८६ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया येथें डॉक्टर झाल्या. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला आणि त्यांची विद्या वापरली जाण्यापूर्वींच मावळली. त्याच १८८७ सालीं, जूनच्या २३ तारखेस, ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत बिरेगरा नांवाच्या गांवीं एक मुलगी जन्मास आली. तिचें नांव मेरी ग्लाउरी. या दोघींचा एकमेकींशीं कसलाही संबंध नव्हता. तरी जें काम एकीच्या हातून राहून गेलें त्याच जातीचें काम दुसरीनें याच देशांत येऊन सदतीस वर्षें केलें, हा योग मला विलक्षण वाटतो.

मेरी ही नऊ भावंडांतील तिसरी. वडील वॉचेम नांवाच्या आडगांवीं हॉटेल चालवीत. मुलगी शिष्यवृत्ति मिळवून मेलबर्नला शिकावयास गेली आणि पुढें तेथील विद्यापीठांत दाखल झाली. वैद्यकाकडे वळण्याची सूचना वडिलांचीच. १९१० सालीं ती डॉक्टर झाली. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथें कांहीं काळ काम करून ती मेलबर्नला परतली, नेत्ररोगांत प्राविण्य मिळविलें आणि शहराच्या प्रतिष्ठित पेठेंत स्वतःचा दवाखाना थाटला. स्त्री डॉक्टर म्हणजे अजून नवलच, अशा त्या काळांत तिचा जम उत्तम बसला होता.

१९१५ च्या ऑक्टोबर महिन्यांत डॉ. मेरी यांच्या हातीं एक लहानशी पुस्तिका पडली. ती ॲग्नेस मॅक्लेरन नांवाच्या स्कॉटिश डॉक्टर बाईंविषयीं होती. या मॅक्लेरनबाईंची हकीकतही ऐकण्याजोगी आहे. त्यांचा जन्म १८३७ मध्यें एडिंबरो येथें झाला. तेथील विद्यापीठ स्त्रियांना वैद्यकाची पदवी देईना, म्हणून त्या फ्रान्सांतील माँपेल्ये येथें गेल्या आणि १८७८ सालीं डॉक्टर झाल्या. वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं त्यांनीं कॅथॉलिक पंथ स्वीकारला. पुढें हिंदुस्थानांतील स्त्रियांची दैना त्यांच्या कानीं आली, आणि बहात्तर वर्षांच्या या बाई १९०९ मध्यें स्वतः रावळपिंडीस जाऊन आल्या. ती रावळपिंडी आज पाकिस्तानांत आहे. तेथें स्त्रियांसाठीं रुग्णालय निघालें. परंतु तें चालविण्यास कायमच्या स्त्री डॉक्टर कोठून आणावयाच्या? पगारी डॉक्टर येत आणि लग्न होऊन किंवा हवा न मानवून परत जात. जन्मभर राहील अशी डॉक्टर पाहिजे असेल तर ती व्रतस्थ असली पाहिजे, असें मॅक्लेरनबाईंच्या मनानें घेतलें.

आणि येथेंच दार बंद होतें. धर्मगुरूंनीं वैद्यकी किंवा शस्त्रक्रिया करूं नये असा कॅथॉलिक धर्मसंस्थेचा जुना निर्बंध होता. देवकार्याला वाहिलेल्या माणसानें रक्ताच्या व पैशाच्या व्यवहारांत गुंतूं नये असा त्यामागील हेतु. १९१७ च्या धर्मसंहितेंत तो पुन्हां नमूद झाला आणि व्रतस्थ स्त्रीपुरुषांनाही लागू राहिला. पोपची खास अनुज्ञा असेल तरच अपवाद. धर्मभगिनींनीं रोग्यांची शुश्रूषा करावी, त्याला आडकाठी नव्हती. पण डॉक्टर म्हणून काम करणें, त्यांत बाळंतपणें करणें, हें त्यांच्या व्रताला शोभत नाहीं असा समज होता. मॅक्लेरनबाईंनीं रोमकडे पुनःपुन्हां अर्ज केले. १९१३ सालीं त्या वारल्या तेव्हां निर्बंध जसाच्या तसा होता.

ही हकीकत वाचून डॉ. मेरी यांच्या मनाचा निश्चय झाला. आपण हिंदुस्थानांत जावयाचें, आणि धर्मभगिनी होऊनच जावयाचें. परंतु निश्चय होतांच त्या धांवत सुटल्या नाहींत. महायुद्ध चालू होतें. आध्यात्मिक मार्गदर्शकाचा सल्ला घ्यावयाचा होता. मधल्या काळांत त्यांनीं दवाखाना सांभाळला. १९१६ मध्यें कॅथॉलिक स्त्रियांची एक समाजसेवा संघटना मेलबर्नला निघाली, तिच्या त्या पहिल्या सर्वाध्यक्षा झाल्या. आणि १९१९ मध्यें स्त्रीरोग, प्रसूतिशास्त्र व नेत्रवैद्यक हे विषय घेऊन वैद्यकांतील वरची पदवी मिळविली. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांना मला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली. संसार सोडण्याचें ठरलें असतां या बाई पुढली परीक्षा देत होत्या! ज्याला विद्या टाकून द्यावयाची आहे तो असें करीत नाहीं.

१९२० च्या जानेवारींत त्या बोटीवर चढल्या आणि १२ फेब्रुवारी रोजीं गुंटूरला पोहोंचल्या. गुंटूर तेव्हां मद्रास इलाख्यांत होतें. आज तें आंध्र प्रदेशांत आहे. तेथें 'येशू, मेरी, जोसेफ' या नांवाची डच धर्मभगिनींची संस्था १९०४ पासून काम करीत होती. तिची स्थापना १८२२ सालीं हॉलंडमध्यें झालेली. डॉ. मेरी त्या संस्थेंत नवदीक्षित म्हणून दाखल झाल्या. वय बत्तीस, पदव्या दोन, आणि भोंवतीं सारा नवाच प्रकार : भाषा तेलुगु, सोबतिणी डच, आणि प्रार्थनेची, जेवणाची, मौनाची वेळ घंटेवर ठरलेली. त्यांनीं 'सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट' हें नांव घेतलें. वैद्यकी करण्यास पोप पंधरावे बेनेडिक्ट यांची खास अनुज्ञा मिळाली. आणि अशा अनुज्ञेनें डॉक्टरी करणाऱ्या त्या पहिल्या धर्मभगिनी मानल्या जातात.

श्रोतेहो, पुढील कामाचें वर्णन थोडक्यांत करणें कठीण आहे, कारण त्यांत नाट्यमय असें फारसें नाहीं. रोज उठून तेंच काम. संस्थेचा लहानसा दवाखाना होता. त्यांतून सेंट जोसेफ रुग्णालय उभें राहिलें. कितीएक वर्षें तेथें डॉक्टर म्हणून त्या एकट्याच. सकाळीं प्रार्थना व मिस्सा, मग बाहेरचे रोगी, मग आंतले रोगी, मग बाळंतपण, मग डोळ्यांचे विकार. शिवाय खेड्यांतून बोलावणें आलें कीं जाणें. त्या तेलुगु शिकल्या. पैसा तुटपुंजा आणि परदेशी औषधें महाग, म्हणून या देशांतील वनस्पतींचे गुण त्यांनीं अभ्यासिले. आणि एकट्या हातांनीं हा डोंगर उपसणार नाहीं हें ओळखून त्यांनीं स्थानिक मुलींना औषधें बनविण्याचें, सुईणपणाचें व शुश्रूषेचें शिक्षण दिलें. शिक्षक या नात्यानें मला या शेवटच्या कामाचें मोल सर्वांत अधिक वाटतें. औषध घेऊन रोगी बरा होतो आणि घरीं जातो. पण शिकविलेली मुलगी दुसऱ्या गांवीं जाऊन आणखी शंभरांना उपयोगीं पडते.

आतां पुन्हां त्या निर्बंधाकडे वळूं. एका बाईंना अनुज्ञा मिळाली म्हणून नियम बदलला नव्हता. त्याच १९२० सालीं ॲना डेंगेल नांवाची टिरोल प्रांतांतील एक तरुण डॉक्टर रावळपिंडीच्या त्या रुग्णालयांत रुजू झाली. तिलाही मॅक्लेरनबाईंच्या कार्यानेंच ओढून आणलें होतें. मॅक्लेरनबाईंच्याच सल्ल्यानें ती आयर्लंडमधील कॉर्क येथें वैद्यक शिकली होती. तिनें दुसरी वाट धरली. १९२५ मध्यें अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें तिनें डॉक्टर व परिचारिका यांचा एक संघ काढला. निर्बंध आड येत असल्यामुळें या संघांतील स्त्रियांनीं जाहीर व्रतें घेतलीं नाहींत. राहणी मात्र व्रतस्थांचीच ठेविली. एकीनें व्रत घेऊन विद्येसाठीं अनुज्ञा मागितली. दुसरीनें विद्या हातीं धरून व्रतासाठीं वाट पाहिली. बंडाचा झेंडा दोघींनींही उभारला नाहीं, आणि काम दोघींनींही थांबविलें नाहीं.

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं, पोप अकरावे पायस यांच्या कारकीर्दींत, रोमहून एक आदेशपत्र निघालें. मातांच्या व अर्भकांच्या जिवाला जेथें धोका आहे अशा देशांत धर्मभगिनींनीं वैद्यक व प्रसूतिशास्त्र शिकावें आणि त्याचा उपयोग करावा, असें त्यांत सांगितलें होतें. कालपर्यंत जें अनुचित म्हणून दूर ठेवलें होतें तेंच आतां कर्तव्य म्हणून पुढें आलें. डेंगेलबाईंच्या संघानें त्यानंतर जाहीर व्रतें घेतलीं. मॅक्लेरनबाईंना जाऊन तेवीस वर्षें झालीं होतीं.

आज्ञापालनाचें व्रत म्हणजे मुकाट्यानें मान डोलावणें असा आपला समज असतो. या इतिहासावरून मला निराळें वाटूं लागलें. या बायकांनीं नियम मोडला नाहीं, पण नियम बरोबर आहे असेंही म्हटलें नाहीं. त्यांनीं गरज दाखविली, परवानगी मागितली, नाकारली गेली तर पुन्हां मागितली, आणि दरम्यान स्वतःच्या आयुष्याचा पुरावा पुढें ठेविला. हा मार्ग लांबचा खरा. त्या अवधींत किती बाळंतिणी डॉक्टरविना गेल्या असतील, हा विचार मनाला बोंचतो. आणि तो बोंचूं नये असें मी म्हणणार नाहीं.

सिस्टर मेरी यांची दृष्टि गुंटूरपुरती राहिली नाहीं. देशभर पसरलेले असे दवाखाने एकेकटे धडपडत आहेत हें पाहून १९४३ च्या जुलै महिन्यांत त्यांनीं सोळा धर्मभगिनींना एकत्र आणून कॅथॉलिक रुग्णालयांचा संघ स्थापन केला, आणि त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. सोळा जणींनीं लाविलेल्या त्या रोपट्याखालीं आज देशांतील तीन हजारांहून अधिक संस्था आहेत. आपल्या पंथाचें एक वैद्यकीय महाविद्यालय या देशांत असावें अशीही त्यांची फार इच्छा होती. बंगलोरचें सेंट जॉन्स महाविद्यालय १९६३ मध्यें सुरू झालें. तें पाहण्यास मात्र त्या राहिल्या नव्हत्या. कर्करोगानें दीर्घकाळ वेदना सोसून ५ मे १९५७ रोजीं बंगलोर येथें त्यांचें देहावसान झालें. वय एकोणसत्तर. जानेवारी १९२० मध्यें सोडलेली मायभूमि त्यांनीं पुन्हां पाहिली नाहीं. २०१३ सालीं त्यांच्या धर्मसंस्थेनें त्यांना 'देवाची सेविका' अशी संज्ञा दिली. संतपदाच्या वाटेवरील ती पहिली पायरी होय.

ही सारी हकीकत मीं त्या वसईच्या गृहस्थांना त्यांच्या घरीं जाऊन सांगितली. मुलीची आईही दाराशीं उभी राहून ऐकत होती. मीं म्हटलें, "दादा, तुमचा प्रश्न होता कीं ही विद्या जपमाळ ओढण्यासाठीं काय? या बाईंची जपमाळ आणि स्टेथॉस्कोप दोन्ही एकाच हातांत होतीं. तुमच्या मुलीची परीक्षा वाया जाईल असें भय नको."

ते शांतपणें म्हणाले, "गुरुजी, तुमचं बोलणं पटलं. विद्या वाया जात नाहीं. पण पोर घरांतून जाते, त्याचं काय?"

त्यावर मी गप्प राहिलों. वॉचेमच्या त्या हॉटेलवाल्या बापालाही हाच प्रश्न पडला असेल. आणि त्याला उत्तर देणारें कोणतेंही पुस्तक माझ्या वाचनांत नाहीं. इतक्यांत मुलीची आईच म्हणाली, "लग्न होऊन गेली असती, तरी गेलीच असती ना? निदान तेव्हां तिला कोणी विचारलं नसतं. आतां तिला दरवर्षीं विचारतील, कीं बाई, तुझा निश्चय कायम आहे का?" गृहस्थ हंसले नाहींत, पण त्यांनीं मान वर केली.

ती मुलगी पुढें त्या मार्गानें गेली. आज ती एका आडवळणाच्या दवाखान्यांत रात्रपाळी करते. वर्षांतून एकदां घरीं येते, तेव्हां मलाही भेटून जाते. मागल्या खेपेस तिनें माझा रक्तदाब तपासला आणि मीठ कमी करण्याची आज्ञा केली. आज्ञापालनाचें व्रत तिनें घेतलें आहे. पण त्या दिवशीं तें पाळण्याची पाळी माझ्यावर आली. श्रोतेहो, शिकविलेल्या विद्येचा हिशेब शिक्षकाला याहून अधिक स्पष्ट कोणत्या अक्षरांत पाहावयास मिळणार?